सासूबाई परीक्षक, मुलगा जोडीदार: माझी ए वन इंग्लिश स्पीकिंगची परीक्षा

मी सांगलीची. म्हणजे सासर विश्रामबागला आणि माहेर तासगाव तालुक्यात. शिक्षण सगळं मराठी मिडियम. 2000 साली आपल्याकडं पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी पाचवीत होते, म्हणजे ज्या वर्षी पहिलीतली पोरं एबीसीडी गिरवायला लागली त्याच वर्षी आम्ही पण पाचवीत बसून तीच एबीसीडी गिरवत होतो. बारावीपर्यंत पास होत गेले, बी.ए. पण झालं, पण इंग्रजीत कुणाशी एक वाक्य बोलायची वेळ कधी आलीच नाही.

मिस्टर 2018 ला इंग्लंडला गेले, लेस्टरला, तिथं हॉटेलात शेफ आहेत. मी तेव्हाच जायची होते पण सासऱ्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि मग ते जाईपर्यंत मी इथंच राहिले, त्याचं मला काही वाईट वाटत नाही, करायलाच पाहिजे होतं. पुढं मिस्टरांना तिकडं कायम राहायची परवानगी मिळाली आणि आमची फाइल करायचं ठरलं. त्या फॅमिली व्हिसाला नवऱ्याकडं किंवा बायकोकडं जाणाऱ्याला इंग्रजी बोलता आणि ऐकून समजता येतं हे दाखवावं लागतं, लेव्हल ए वन, म्हणजे सहा पायऱ्यांमधली पहिली. मुलांना ही परीक्षा लागत नाही. डिग्री इंग्रजी मिडियमची असली तर सूट मिळते, माझी नव्हती.

आता इथं माझा एक महिना आणि आठ हजार रुपये गेले ते आधी सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाचे जाणार नाहीत. मी चौकशी न करता एका क्लासला नाव घातलं. त्यांनी आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांची इंग्रजीची परीक्षा, म्हणलं की सगळ्यांना एकाच बाकावर बसवलं, ग्राफ बघून परिच्छेद लिहा, निबंध लिहा, हे मोठे मोठे उतारे वाचा. मी रोज घरी येऊन रडायची. शेवटी एकदा फोनवर मिस्टरांना ग्राफचं सांगितलं तर ते म्हणले, "अगं तुला लिहायचंच नाहीये काही, ग्राफ कशाला काढतीस?" मग दोघांनी बसून इंग्लंड सरकारच्या वेबसाइटवर बघितलं. माझी परीक्षा होती आयईएलटीएस लाइफ स्किल्स ए वन. त्यात वाचन नाही, लेखन नाही, फक्त बोलणं आणि ऐकणं, सोळा ते अठरा मिनिटं, आणि निकाल नुसता पास किंवा नापास. पैसे परत मागितले, मिळाले नाहीत. त्यामुळं कुठंही पैसे भरायच्या आधी आपल्या व्हिसाला नेमकी कुठली परीक्षा आणि कुठली लेव्हल लागते ते सरकारी पानावर स्वतः वाचा आणि बुकिंग करताना नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं घाला.

परीक्षा अशी असते की एका परीक्षकासमोर दोन जणांना एकदम बसवतात. आधी नाव, नावाचं स्पेलिंग, घरचे, कामाचे साधे प्रश्न. मग एक विषय देतात, त्यावर एकीनं बोलायचं आणि दुसरीनं तिला प्रश्न विचारायचे, मग उलटं. मग रेकॉर्डिंग ऐकवतात, दोनदा ऐकवतात, आणि त्यावर तोंडी उत्तरं. शेवटी दोघींनी मिळून काहीतरी ठरवायचं, समजा मैत्रिणीला गिफ्ट काय द्यायचं असलं काहीतरी. बघतात काय, तर माहिती देता येते का, माहिती विचारून घेता येते का, समोरच्याला समजेल असं बोलता येतं का आणि चर्चेत भाग घेता येतो का.

क्लास सोडला पण आता बोलायचं कुणाबरोबर? मिस्टरांची ड्युटी संपते तेव्हा आपल्याकडं मध्यरात्र झालेली असते. घरात सासूबाई, त्या सातवी शिकलेल्या, आणि मुलगा चौथीत, सेमी इंग्लिशला. मग मी एक केलं, जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापून कार्डं केली आणि त्यावर इंग्रजी प्रश्न मराठी अक्षरात लिहिले. व्हॉट्स युवर नेम, हाउ डू यू स्पेल इट, व्हेअर डू यू लिव्ह. सासूबाई चष्मा लावून एकेक कार्ड वाचायच्या, त्या परीक्षक. मुलगा माझ्याशेजारी, तो दुसरा उमेदवार. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की अर्धा तास.

पहिल्याच आठवड्यात माझी सगळ्यात मोठी चूक सापडली आणि ती मुलानं पकडली. प्रश्न होता टेल मी अबाउट युवर फॅमिली. मी म्हणलं, माय हजबंड इज इन लेस्टर, दे वर्क इन हॉटेल. मुलगा म्हणाला, "मम्मी, पप्पा एकच आहेत, दे काय म्हणतीस?" मी थांबलेच. आपण नवऱ्याला ते म्हणतो, सासऱ्यांना ते म्हणतो, सासूबाईंना त्या म्हणतो, आणि माझ्या डोक्यात त्या ते चं सरळ दे होत होतं. एकाच माणसासाठीचा इंग्रजी ही म्हणायला जीभच वळेना, अरेतुरे केल्यासारखं वाटायचं. मिस्टर म्हणले तिकडं राजाबद्दल बोलताना पण ही च म्हणतात, त्यात मान जात नाही. आणि ह्याच्यामुळंच माझा तो क्रियापदाचा एस कायम राहून जायचा, कारण दे वर्क ला एस नाही आणि ही वर्क्स ला आहे. शाळेत तो नियम मी पन्नास वेळा लिहिला असेल पण माझा एस का पडतो हे कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्यापुरतं वाक्य केलं, मान दिला की एस जातो, मान बाजूला ठेवला की एस येतो. व्याकरणाच्या पुस्तकात असं काही नाही, पण मला त्यानं जमलं.

कार्डावर अजून एक घोटाळा. मराठी अक्षरात ही लिहिलं की सासूबाई म्हणायच्या, "ही म्हणजे बाईच की गं, मग शी कोण?" आणि शी वाचताना त्यांना कसंतरी व्हायचं. मग मुलानं ही लिहिलेल्या प्रत्येक कार्डावर मिशी काढली आणि शी वर टिकली. तेव्हापासून माझं पण चुकायचं कमी झालं, बोलताना मला ती मिशीच दिसायची.

दुसरी अडचण प्रश्नांची, आणि खरं सांगायचं तर तयारीतला निम्मा वेळ ह्यातच गेला. मी विचारायची, यू लिव्ह व्हेअर? यू लाइक टी? आपण नुसता आवाज वर नेला तरी प्रश्न होतो, नाहीतर शेवटी काय लावायचं, "येतीस काय?" "जेवलीस काय?" सासूबाईंनी डू बघून विचारलं, "डू म्हणजे कर ना? मग तू कुठं राहतीस ह्यात करायचं काय आहे?" मला पण उत्तर येत नव्हतं. दोन दिवसांनी भाकरी थापताना डोक्यात आलं की हा डू म्हणजे आपला "काय" आहे. आपला शेवटी येतो, त्यांचा उडी मारून पुढं येतो. तू चहा घेतीस काय, डू यू ड्रिंक टी. सासूबाईंना सांगितलं तर त्यांना एका झटक्यात कळलं. आणि ही किंवा शी असलं की डू चा डज होतो, म्हणजे तो एस डज मध्ये जाऊन बसतो, मग क्रियापदाला परत लावायचा नाही. डज ही वर्क, डज ही वर्क्स नाही. एस एकच आहे, तो एकाच जागी बसणार.

पण नियम कळला तरी मी विचारतच नव्हते. सासूबाई एकदा कार्डं खाली ठेवून म्हणल्या, "तू नुसती उत्तरं देतीस. मला विचार की काहीतरी." आणि मला सुचेना. पाहुणे आले की ते विचारतात आणि आपण चहाचा ट्रे धरून उत्तरं देतो, एवढीच सवय. मी विचारलं, व्हॉट इज युवर फेवरेट फूड. मला वाटलं पुरणपोळी म्हणतील. त्या म्हणल्या शेंगोळे, हुलग्याचे. मी म्हणलं आई, आपल्या घरात तर कधी केले नाहीत. तर म्हणे सासऱ्यांना हुलग्याचा वास आवडायचा नाही, म्हणून लग्न झाल्यापासून केलेच नाहीत. अकरा वर्षं एका स्वयंपाकघरात आहे मी त्यांच्याबरोबर आणि मला हे माहीत नव्हतं, मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मार्केटमधून हुलग्याचं पीठ आणलं, लसूण घालून रसरशीत शेंगोळे केले, त्यांनी दोनदा वाढून घेतले. त्या दिवसापासून रोज दहा प्रश्न मी विचारायचे असा नेम केला, त्या मराठीत उत्तर द्यायच्या, मी ते इंग्रजीत सांगायची. शी लाइक्स शेंगोळे.

बाकीचं थोडक्यात. इन, ऑन, ॲट मध्ये मी फार गोंधळले कारण आपल्याकडं सकाळी, रविवारी, सहा वाजता सगळं त्या शब्दालाच चिकटून येतं. त्याला काही युक्ती सापडली नाही, ॲट सिक्स, ऑन संडे, इन द मॉर्निंग असं पाढ्यासारखं म्हणत बसले. घड्याळात मात्र मराठी उपयोगी पडली. सव्वापाच म्हणजे क्वार्टर पास्ट फाइव्ह, पावणेसहा म्हणजे क्वार्टर टू सिक्स, साडेपाच म्हणजे हाफ पास्ट फाइव्ह, जसंच्या तसं. ज्यांना सव्वा, साडे, पावणे येतं त्यांनी घड्याळाची भीती बाळगूच नये. ऐकण्यात थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी हे सारखे वाटायचे. मिस्टर रोज व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेजमध्ये दहा किमती पाठवायचे आणि मी आकडे लिहून फोटो पाठवायची, शब्दाच्या शेवटी जोर आला की टीन आणि सुरुवातीला जोर आला की नुसतं टी. आणि स्पेलिंग. माझ्या आडनावात जे हे अक्षर आहे आणि ए दोनदा आहे, घाबरले की जे चा जी व्हायचा. अंगणात झाडताना पण आडनावाची अक्षरं म्हणायची मी. तुमच्या नावाची अक्षरं झोपेत विचारली तरी आली पाहिजेत, तो पहिला प्रश्न आहे आणि तिथं अडखळलं की पुढचा धीर जातो.

गावाबद्दल बोला असा विषय येईल म्हणून मी एक परिच्छेदच पाठ केला होता, कृष्णा नदी, 1929 चा आयर्विन पूल, सांगलीच्या हळदीला 2018 ला मिळालेलं जीआय मानांकन, सगळं. मिस्टरांनी ऐकलं आणि म्हणले सुंदर आहे पण ह्यातलं एक तरी वाक्य मोडून विचारलं तर सांगता येईल का तुला? विचारलं, नाही आलं. मग ते सगळं काढून टाकलं आणि ठेवलं एवढंच, माय टाउन इज सांगली. देअर इज अ बिग रिव्हर. वी सेल टर्मरिक. आय लाइक भडंग. आणि भडंग म्हणजे काय विचारलं तर सांगायला दोन वाक्यं, इट इज स्पायसी, वी ईट इट विथ ओनियन.

परीक्षा मुंबईला. रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरली, भाऊजी बरोबर होते. निघताना सासूबाईंनी हातावर दही दिलं आणि दारात कार्डाशिवाय म्हणल्या, "हाउ आर यू?" मी म्हणलं फाइन, आणि डोळे भरून आले. गाडीत झोप लागलीच नाही, कराड गेलं, सातारा गेलं, मी आपली ॲट सिक्स ऑन संडे.

सेंटरवर पासपोर्ट बघितला, फोटो काढला, मोबाइल बाहेर ठेवायला लावला. माझ्या जोडीला आलेली मुलगी माझ्यापेक्षा बरीच लहान होती, गुजरातची, नवीन लग्न झालेली, हाताची मेंदी अजून पुसट दिसत होती. परीक्षक बाई शांत होत्या, हळू बोलत होत्या. माझं स्पेलिंग बरोबर आलं. माय हजबंड इज अ शेफ, ही वर्क्स इन अ हॉटेल, आणि तो एस तोंडातून गेलेला मला स्वतःला ऐकू आला. ती मुलगी मात्र तिच्या विषयावर दोन वाक्यं बोलून गप्प झाली, खाली बघायला लागली. आता मी विचारायचं होतं. तयार केलेले प्रश्न आठवेनात, एकच आठवला, व्हॉट इज युवर फेवरेट फूड. तिनं वर बघितलं, म्हणली उंधियू. मी विचारलं, हू कुक्स इट? म्हणली माय मदर. डू यू कुक इट? म्हणली यस, आणि मग कुठल्या भाज्या घालतात ते तिची तीच सांगायला लागली, तोडकंमोडकं, पण सांगत होती. परीक्षक बाई लिहीत होत्या. शेवटी दोघींनी मिळून ठरवायचं होतं तेव्हा तिनं मला आपणहून विचारलं, व्हॉट डू यू थिंक? मला इतकं बरं वाटलं.

ऐकण्यात एका उत्तराला मी सॉरी, कॅन यू रिपीट म्हणलं, बाईंनी प्रश्न परत विचारला. असं म्हणायला लाजू नका, तेही इंग्रजी बोलणंच आहे.

आठवड्याभरात निकाल आला, पास. मुलानं सगळ्या गल्लीत सांगितलं. सासूबाईंनी गणपती मंदिरात पेढे ठेवले. त्या मुलीचं काय झालं मला कळलं नाही, नंबर घ्यायचा राहून गेला, पास झाली असू दे.

आता व्हिसाचे कागद चालू आहेत. तिकडं गेल्यावर अडीच वर्षांनी मुदत वाढवताना ए टू द्यावी लागते, म्हणून कार्डं बंद केली नाहीत. सध्या भूतकाळ चालू आहे. आपल्याकडं आंबा खाल्ला, भाकरी खाल्ली, शेंगोळे खाल्ले, काय खाल्लं त्यावर बदलतं, त्यांच्याकडं सगळ्याला एकच एट. सासूबाईंना हे फार आवडलं, म्हणे सोपं आहे की. मी गेल्यावर त्या धाकट्या जाऊबाईंकडं राहणार आहेत आणि फोनवर परीक्षा त्याच घेणार असं त्यांनी सांगून ठेवलंय. काल दुपारी मी धुणं वाळत घालत होते तर खिडकीतून आवाज आला, "डिड यू ईट?" मी म्हणलं, "नो आई, आय डिडन्ट." म्हणल्या, "मग ये की, ताट केलंय."