कीबोर्ड किती लवावा? माझी दोन महिन्यांची खटपट

मी दिवसभर टाइप करून पोट भरतो. संध्याकाळ झाली की बोटांची टोकं ठणकायची, आणि मी समजूत करून घेतली की दोष कीबोर्डच्या कडकपणाचा आहे.

समजूत अगदीच चुकीची नव्हती. जुन्या कीबोर्डात पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, केसच्या तळातल्या खांबांवर थेट स्क्रूने आवळलेला होता. ज्या बटणाखाली खांब, ते दगडासारखं. दोन बोटं पलीकडचं बटण जरा मऊ. एकाच शब्दात तीन वेगवेगळे ठोके ऐकू यायचे. एकदा ते लक्षात आलं आणि मग दुसरं काही ऐकूच येईना.

मग गॅस्केट माउंट प्रकारचा कीबोर्ड घेतला. त्यात प्लेटच्या, म्हणजे बटणांखालचे स्विच जिच्यात बसतात त्या पत्र्याच्या, कडांना फोमच्या पट्ट्या (हेच गॅस्केट) असतात आणि केसचे दोन भाग त्यांना वरून-खालून धरतात, स्क्रू प्लेटला शिवतही नाही. प्लेट पॉलिकार्बोनेटची, म्हणजे लवचिक प्लास्टिकची, निवडली. पीसीबीही नेहमीच्या 1.6 मिलिमीटरऐवजी 1.2 मिलिमीटरचा, वर त्याला लवावा म्हणून पाडलेल्या चिरा. थोडक्यात, लवचिकपणाचं जे जे मिळेल ते ते.

पहिले चार दिवस चैन होती. मधल्या बटणावर अंगठा दाबला की प्लेट खाली जायची, केसच्या कडेला फट दिसायची, सोडली की वर. येईल त्याला मी हे दाखवायचो. अंगठ्याने कोणी टाइप करत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

पाचव्या दिवशी मोठा मजकूर हातात आला. वेग वाढला तसं लक्षात आलं, की मधली बटणं झोपाळ्यासारखी हलतात आणि कडेची शिफ्ट, एंटर जवळपास जागची हलत नाहीत. म्हणजे खांबांचा असमानपणा गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. स्पेसबारही खडखडायला लागला, स्टॅबिलायझरला, म्हणजे लांब बटण तिरकं न होता खाली जावं म्हणून असलेल्या तारेला, वंगण लावलेलं असूनसुद्धा.

त्यात माझा शहाणपणा. स्विच बदलताना पीसीबीला खालून बोटाचा आधार द्यायचा असतो. मी कीबोर्ड न उघडता वरूनच नवा स्विच रेटला. पातळ बोर्ड वाकला आणि ‘एच’चं सॉकेट, म्हणजे स्विच ज्यात खोचतात ती खोबण, खालून सोल्डरसकट सुटलं. रात्री अकरा वाजता मी बिनाएचच्या शब्दांचा विचार करत बसलो होतो. सॉकेट परत डकवायला डाग देणाऱ्या मित्राच्या हातापाया पडावं लागलं.

या फजितीनंतर डोकं चाललं. माझ्या स्विचमध्ये 2 मिलिमीटरवर अक्षर उमटतं, पण बटण 4 मिलिमीटर खाली जातं. प्लेटचं लवणं सुरू होतं ते बटण तळाला आपटल्यावर, त्याच्या आधी फारसं नाही. म्हणजे प्लेट मऊ असली काय, कडक असली काय, फरक पडतो फक्त आपटणाऱ्याला. आणि मी आपटतो. दार वाजवावं तसा टाइप करतो.

तेव्हा दोन गोष्टी केल्या. स्विचना जरा जड स्प्रिंग घातल्या, म्हणजे तळ गाठायच्या आधीच बोटाला अडवणारं काही मिळालं. आणि पॉलिकार्बोनेट काढून एफआर-फोरची प्लेट बसवली. पीसीबी ज्या काचतंतूच्या पत्र्याचा बनतो तोच हा पदार्थ. पितळ-अ‍ॅल्युमिनियमइतका ताठ नाही, पॉलिकार्बोनेटइतका लेचापेचा नाही. गॅस्केट तेच ठेवले. आता नेहमीच्या टाइपिंगमध्ये प्लेट हलताना दिसत नाही, फक्त आपटीची धार तेवढी बोथट होते. माझ्यापुरतं इतकंच पुरे. यापेक्षा जास्त लवतं ते मला दाखवायला आवडतं, वापरायला नाही.

ठणका कमी झाला, पण त्याचं श्रेय प्लेटपेक्षा स्प्रिंगला जास्त जातं, असं माझं मत.

बहिणीला दोन्ही प्लेटा लावून टाइप करायला दिलं. तिची बोटं कापसासारखी, बटण तळापर्यंत जातच नाही. तिला काडीचाही फरक कळला नाही. फक्त म्हणाली, "दादा, हा स्पेसबार खडखडतो का रे?"

खडखडतो. अजूनही.