वालाला तोंड असतं

अलिबाग-पेणकडे कडव्या वालाचं प्रस्थ किती, हे तिकडच्या माणसाला सांगायला नको. भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरायचे आणि पुढे वर्षभर डब्यात बाळगायचे. त्याच मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्राएल मंडळींनी, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या आपल्या ज्यूंनी, एका दिवसाला चक्क ‘बिरड्याचा सण’ म्हटलं. ऐकणाऱ्याला वाटावं, चंगळ असणार. प्रत्यक्षात ज्यू वर्षातला हा सगळ्यात दुःखाचा दिवस. संध्याकाळी सूर्य मावळल्यापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. आपली निर्जळी एकादशी आठवावी.

तिथी ज्यू पंचांगातल्या आव्ह महिन्याची नवमी. जेरुसलेमचं पहिलं मंदिर इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराच्या सैन्याने जाळलं. दुसरं बांधलं गेलं, ते इसवी सन ७० मध्ये टायटसच्या रोमन फौजेने पाडलं. परंपरा दोन्ही घाव एकाच तिथीवर मांडते. रात्री सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, दिवे मंद करून, जमिनीवर बसून, बायबलमधलं जेरुसलेमच्या नाशाचं विलापगीत वाचतात. पायात चामड्याची चप्पल नाही, अंघोळ नाही, एकमेकांना नमस्कार-चमत्कारही नाहीत. या विलापगीताची एक गंमत आहे (अशा जागी गंमत म्हणावं का, कोण जाणे). त्यातल्या पाचपैकी चार अध्यायांत कडवी हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने येतात. शहर जळतंय, माणसं उपाशी मरताहेत आणि कवी अक्षरं ओळीने लावतो आहे. मला ते अगदी पटतं. फार रडू आलं की बाई उठून फडताळ आवरायला घेते, त्यातलंच ते.

पण हीच तिथी का? तल्मूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, याचं कारण मंदिरांच्याही मागे नेलं आहे. ज्यूंना मिसरातून बाहेर काढणाऱ्या मोशेने देवाने देऊ केलेला देश बघायला माणसं पाठवली. ती परत आली आणि म्हणाली, तिथले लोक धिप्पाड आहेत, आपला निभाव लागायचा नाही. झालं, सगळ्या लोकांनी रात्रभर गळा काढला. देव म्हणाला, तुम्ही उगाच रडलात, आता या रात्री पिढ्यान्‌पिढ्या रडायचं कारणच देतो. ‘थांब, रडायला कारण देते’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकलेलं नाही, असं मराठी मूल मला अजून भेटायचं आहे.

पंचांगाचं म्हणाल, तर ज्यूंचेही महिने अमावास्येनंतर सुरू होतात आणि सूर्याशी मेळ घालायला १९ वर्षांत ७ वेळा त्यांचाही एक महिना जास्त येतो. त्यामुळे आव्हची नवमी बहुतेक वर्षी आपल्या श्रावण शुद्ध नवमीच्या आसपास पडते, कधी आषाढात. २०२५ साली ३ ऑगस्टला दोन्ही एकाच दिवशी होत्या. तेव्हा अलिबागच्या एका आळीत श्रावणातलं बिरडं आणि शेजारच्या इस्राएल आळीत उपासाच्या सणाचं बिरडं, दोन्हीकडे वाल एकाच सुमाराला भिजत पडत असणार. कापडातून मोड डोकावले की ते कोमट पाण्यात टाकायचे आणि चिमटीत दाबायचे. साल हातात राहते, डाळिंबी सुळकन उडून परातीबाहेर जाते, आणि बोटांना जो उग्र वास लागतो तो साबणाला दाद देत नाही.

इतर देशांतले ज्यू या उपासाआधी उकडलेलं अंडं, जोडीला चिमूटभर राख आणि बऱ्याच घरी मसूर खातात. सुतकातही हेच जिन्नस. दफन आटोपून आल्यावर घरच्यांचं पहिलं जेवण शेजाऱ्यांनी आणायचं, आणि त्यात अंडी, मसूर. मसूरच का, याचंही उत्तर तल्मूदकारांकडे तयार आहे. एक तर ती गोल, दुःखासारखी फिरत फिरत सगळ्यांच्या दारी येणारी. आणि दुसरं, मसुरीला तोंड नाही. इतर कडधान्यांना असते तशी खाच तिला नाही. शोक करणाऱ्यालाही तोंड नसतं, तो गप्प असतो.

आता वालाकडे बघा. सगळ्या कडधान्यांत ठसठशीत तोंड कोणाचं असेल तर याचं. काठावर पांढरीशुभ्र जाड रेघ, आणि भिजवलं की मोड फुटून ते तोंड उघडतंसुद्धा! तल्मूदच्या हिशेबाने शोकाला इतकं नालायक कडधान्य शोधून सापडणार नाही. पण कोकणातल्या ज्यूंना हा हिशेब कोण सांगणार? त्यांच्यात चालत आलेली कथा अशी, की नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. प्रार्थनांपैकी एक ‘शमा’ तेवढी तोंडात राहिली. पुढे घाणे घालून ते तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून शनवार तेली झाले. सण आठवत राहिले ते चुलीपाशी. एक खिरीचा सण, एक बिरड्याचा.

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटतं. या दिवशी धर्मग्रंथ वाचायलाही बंदी असते, कारण त्याने मनाला आनंद होतो. दुःखाचे भाग तेवढे चालतात. एवढी कडक चाळणी, आणि तिच्यातून नारळाच्या दुधातलं बिरडं बरं निसटलं! कडवे वाल कडू असतात, ही सबब पुढे करता येईल. पण ज्याने ते आमसूल-गूळ घालून खाल्लंय तो ती मानणार नाही.