शेळीचा पुढचा पाय: हाडं सुटली, जुळवणी सुरू

शेळीच्या हाडांचा अख्खा सांगाडा जुळवायचं काम सुरू आहे, त्यातला हा पुढचा पाय. आधी खाटकाकडची बाब. पाय भाजायचा नाही आणि फोडायचाही नाही, हे सुरा लागायच्या आधीच सांगून ठेवा. भाजलेल्या पायाचा खूर तडकतो. फऱ्यासकट, म्हणजे खांद्याच्या चपट्या हाडासकट, अख्खा पाय मागितला तर सहज मिळतो, कारण शेळीला गळपट्टीचं हाड नसतंच. पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी धरलेला असतो, त्यामुळे हाड न तोडता तो अलगद उतरतो. अचानक मेलेल्या, नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराला मात्र हात लावू नका. फाशी रोगाची (अँथ्रॅक्सची) शंका असते.

उकळायचं नाही. उकळल्याने चरबी हाडात मुरते आणि पुढे पिवळे डाग पडतात. मांस काढून पाय 10 लिटरच्या झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात बुडवा. झाकण सैल ठेवा. पाणी बदलताना निम्मंच ओता, सगळं ओतलं तर हाडाला उरलेलं मांस कुजवून सोडवणारे जिवाणूही जातात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हे काम भराभर होतं, थंडीत रेंगाळतं. वासाचं शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं. खुराचं कवच सुटलं की लगेच काढा आणि आत कागद ठासून सावलीत वाळवा, नाहीतर ते आक्रसतं.

खरी कसोटी गुडघ्याच्या खाली आहे. आपण ज्याला गुडघा म्हणतो ते खरं तर मनगट. त्यात 6 छोटी हाडं, खाली नळी म्हणजे एक लांब हाड, मग दोन बोटं. प्रत्येक बोटात 3 पेरं, नळीच्या टोकामागे 2 मण्यांसारखी हाडं आणि खुराच्या आत आणखी 1. वर फरा, दंडाचं हाड आणि एकमेकांना जुळलेलं अग्रबाहूचं हाड धरून एकूण 22. म्हणून भिजत घालतानाच प्रत्येक बोट वेगळ्या जाळीच्या पिशवीत बांधा, मनगट तिसऱ्या पिशवीत. सगळं एकत्र सोडलं तर मण्यांची हाडं कुठल्या बोटाची हे ओळखण्यात फार वेळ जातो. खुरातल्या पेरांचं मात्र सोपं आहे: सपाट बाजू एकमेकींसमोर, फुगीर बाजू बाहेर.

दुकानात येणारी उस्मानाबादी बोकडं बहुधा कोवळी असतात. नळीच्या खालच्या टोकाशी वाढीची चकती अजून जुळलेली नसते, त्यामुळे टोक सुटून हातात येतं. ते मोडलेलं नाही. दोन्ही पृष्ठभाग खरखरीत, नागमोडी असतात आणि एकमेकांत चपखल बसतात. तसंच चिकटवा.

चरबी काढायला भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी, पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत. मग हाडं पांढरी करायला 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर 6 टक्के लिहिलेलं असेल तर तेवढंच पाणी मिसळा. कपड्यांचं ब्लीच नको, त्याने हाड भुसभुशीत होतं.

जुळवणीला पांढरा फेविकॉल बरा. चुकलं तर ओल्या फडक्याने सुटतो. झटपट चिकटणारा गोंद सांध्यात टाकला की कोन सुधारायची सोय राहत नाही. फऱ्याच्या वरच्या कडेची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, पाण्यात गळून जाते. उरलेली हाडाची कड थेट पाठीच्या उंचीला लावली तर पाय वर सरकून शेळी खांदे उडवल्यासारखी दिसते. कूर्चेएवढी जागा वर मोकळी सोडूनच फरा तारेने बरगड्यांना बांधा.

आता मागचा पाय भिजत घातला आहे. त्याची नळी जास्त चौकोनी, पुढच्या पायाची मागून चपटी. दोन्ही एकत्र आल्या तरी या खुणेवरून वेगळ्या करता येतात.