डोडोची पारख शेजाऱ्यांवरून

जुन्या चित्रांतले नामशेष पक्षी वहीत उतरवायचं काम चालूच आहे. सध्या डोडोचं पान हातात आहे आणि गाडी तिथेच अडली आहे, कारण जितके चित्रकार तितके डोडो!

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो तो चित्रकार रूलांट साव्हेरीचा डोडो. साव्हेरी प्रागला सम्राट दुसऱ्या रुडॉल्फच्या दरबारी होता. त्याचं १६२६ च्या सुमाराचं चित्र लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्यातला डोडो चांगलाच ढेरपोट्या, आणि सोबतीला अमेरिकेतले मकाव पोपट. मॉरिशसचा पक्षी आणि हे मकाव एका तळ्याकाठी कधी भेटले असतील? देखावा जुळवून बसवलेला आहे, हे उघड आहे.

दुसरं चित्र त्याच काळातलं, मुघल शैलीतलं. ते जहांगीरच्या पदरी असलेल्या उस्ताद मन्सूरचं मानतात. आता ते सेंट पीटर्सबर्गला आहे. इथला डोडो सडसडीत, तपकिरी. मी कौल दिला तो याला, आणि तोही शेजाऱ्यांकडे बघून. खाली पट्टकादंब आहेत, पेंटेड सँडग्राऊज आहेत. भिगवणला हिवाळ्यात पट्टकादंब बघणाऱ्याला ते लगेच ओळखू येतात. ओळखीचे पक्षी ज्याने इतके नेमके काढले, त्याने डोडोच तेवढा ऐकीव माहितीवर रंगवला असेल, हे पटत नाही. शिवाय त्या सुमारास पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याची नोंद आहे. म्हणजे जिवंत पक्षी हिंदुस्थानात पोचले होते.

अंगाचा रंग बर्न्ट अंबरमध्ये किंचित निळा घालून जमला. डोकं मात्र पुन्हा काढतोय. डोळ्याच्या मागपर्यंत कातडी उघडी हवी, तिथे पिसं नकोत. पिसांची कड कुठे सुरू होते आणि चोचीचा आकडा किती वळतो, हे ऑक्सफर्डला जपलेल्या डोक्याच्या फोटोंवरून ताडून घेतोय. साव्हेरीचा डोडोही समोरच्या पानावर येईल, पण फक्त पेन्सिलीत.

पुढचा नंबर 'पांढऱ्या डोडो'चा. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत तो ऐटीत उभा असतो, पण तो ज्या रेयुनियन बेटावरचा (मॉरिशसजवळच्या) मानला जायचा, तिथे डोडोची हाडं सापडलीच नाहीत. सापडली ती एका आयबिसची, म्हणजे शराटीच्या जातकुळीतल्या पक्ष्याची. तेव्हा त्याला वहीत जागा द्यायची का? माझं मत द्यावी असं आहे, पण डोडोच्या शेजारी नाही.