ठिपक्यांचं मंडल: रंगांचा शेजार आणि श्वासाची लय

मंडल म्हणजे केंद्राभोवती वर्तुळांत रचलेली नक्षी; इथे ती रंगाच्या ठिपक्यांनी काढायची. ८ इंची गोल एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या) बोर्डला काळ्या ॲक्रिलिक रंगाचे २ पातळ हात द्या. पहिला वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर ठिपक्याची कड दातेरी येते. पांढऱ्या पेन्सिलीने केंद्रातून दर २२.५ अंशांवर रेघ मारा, १६ भाग होतात. मग कंपासने वर्तुळं. या रेघा-वर्तुळांच्या आधाराने ठिपके ठेवायचे.

खरी गोम रंगाच्या दाटपणात आहे. ठिपका ठेवल्यावर त्याचं वर आलेलं टोक काही सेकंदांत आपोआप बसायला हवं. उभंच राहिलं तर रंग घट्ट. थेंबाथेंबाने पाणी घाला. पाणी जास्त झालं की ठिपका पसरतो. सगळे ठिपके सारखे हवेत तर ठिपके ठेवायची काडी दर वेळी रंगात बुडवा. एकदाच बुडवून चार-पाच ठेवले की ते लहान होत जातात. मोठ्या ठिपक्याभोवतीची उतरती माळ अशीच काढतात.

काळ्यावर शुद्ध जांभळा आणि गडद निळा हरवतात. त्यांत पांढरा मिसळत ५ छटा करा, गडद केंद्राशी, फिकट कडेला. निळ्याशेजारी नारिंगी आला की दोघेही झळकतात, म्हणून नारिंगी अगदी मोजका. शेजार बदलला की रंगही वेगळा दिसतो, हे मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १८३९ मध्येच सविस्तर मांडलं होतं.

श्वास घेताना काडी बुडवा, सोडताना ठिपका ठेवा. श्वास फार वेळ रोखला की हात थरथरू शकतो, आणि लय गेली की ध्यानही गेलं. चुकलेला ओला ठिपका पुसू नका. ओलसर इयर बडने वर उचला, जागा वाळली की काळा लावा.