मस्कत ते नागपूर व्हाया मुंबई: टी२ वरून टी१ गाठतानाची पळापळ (आणि तुम्ही जाणार असाल तर)

गेल्या जुलैत सासूबाईंना घेऊन मस्कतहून नागपूरला गेले. नवऱ्याला सुट्टी नव्हती म्हणून आम्ही दोघीच, त्यात आईंचे गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअर, आणि सामान म्हणाल तर दोन मोठ्या बॅगा अधिक एक दोरीने आवळलेला पुठ्ठ्याचा खोका. गल्फमधून येणाऱ्या माणसाकडे खोका नसेल तर घरचे विचारतात सगळं ठीक आहे ना म्हणून, त्यामुळे खोका हवाच.

तिकिटं मी दोन वेगवेगळी काढली होती, ही पहिली चूक. मस्कत-मुंबई एका कंपनीचं आणि मुंबई-नागपूर दुसऱ्या कंपनीचं, कारण एकत्र बघितलं तर महाग दाखवत होतं आणि मला वाटलं साडेतीन तास मध्ये आहेत, अजून काय पाहिजे. मस्कतहून रात्री १२:५० ला निघून मुंबईत पहाटे ५:०५ ला उतरायचं, नागपूरचं विमान ८:४०. म्हणजे ३ तास ३५ मिनिटं. आईंना म्हटलं सुद्धा, मध्ये निवांत चहा-नाश्ता करू.

आता हा हिशोब कसा चुकतो बघा. डोमेस्टिकचं चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं, तुम्हाला बॅग टाकायची असेल तर तीच तुमची खरी वेळ. म्हणजे ८:४० विसरा, ७:४० धरा. एक तास तर इथेच गेला. आणि मला तिकीट काढताना जे अजिबात सुचलं नाही ते म्हणजे मस्कतचं विमान उतरतं टी२ ला म्हणजे टर्मिनल २ ला, सहारला, आणि माझं नागपूरचं होतं टी१ वरून, म्हणजे पार्ल्याच्या बाजूला. दोन्हीला आपण मुंबई एअरपोर्टच म्हणतो, तिकिटावर कोडही तोच बीओएम, पण मध्ये आख्खी धावपट्टी आहे आणि आतून चालत वगैरे जाता येत नाही, बाहेर पडून रस्त्याने पाचेक किलोमीटर जावं लागतं. तिकिटावर टर्मिनल बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते मी मस्कतच्या एअरपोर्टवर बसल्या बसल्या वाचलं. पोटात गोळा आला पण आईंना काही बोलले नाही.

विमान वेळेवर निघालं, वेळेवर मुंबईवर आलं आणि मग फिरत बसलं. बाहेर धो धो पाऊस. मुंबईला धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात, आणि पाऊस असला की रांग वरच्या वर लागते. खाली टेकलो तेव्हा ५:४० झाले होते. दार उघडलं, लोक गेले, आम्ही व्हीलचेअरची वाट बघत बसलो. ह्या एका विमानात बारा-पंधरा व्हीलचेअरवाले होते, सगळ्यांचे आईवडील एकाच विमानात असावेत तसे. आमचा नंबर लागेपर्यंत सव्वासहा. माझा जीव वरखाली आणि आई आरामात.

"काहून वं, एवढी पळून राह्यली? इमान का आपल्याले सोडून जाते?"

"जातं आई. तेच करतं ते."

पण व्हीलचेअरचा एक फायदा झाला तो सांगते. इमिग्रेशनला त्या वेळी गल्फची तीन-चार विमानं एकदम उतरलेली, हॉल गच्च, रांग वळत वळत मागे गेलेली. आमच्या व्हीलचेअरवाल्या दादांनी बाजूच्या वेगळ्या रांगेतून नेलं आणि सोबत मलाही घेतलं, वीस मिनिटांत शिक्के बसले. (फक्त एवढ्यासाठी धडधाकट माणसाला व्हीलचेअरवर बसवू नका, खरी गरज असलेल्यांना वाट बघावी लागते, आम्हीही बघितली.) तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि वरचेवर येणं-जाणं असेल तर एफटीआय-टीटीपी म्हणून सरकारी योजना आहे, ती करून ठेवा. ऑनलाइन अर्ज करायचा, मंजूर झाला की एअरपोर्टवर बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे, मग काउंटरच्या रांगेऐवजी ई-गेटमधून सरळ बाहेर. मुंबईत जानेवारी २०२५ पासून सुरू झालीय, ओसीआय कार्डवाल्यांनाही (परदेशी नागरिकत्व घेतलेले आपले लोक) चालते, पैसे लागत नाहीत. मी परत जाताना ठसे देऊन आले.

मग बेल्ट. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण खूप लोक फसतात. परदेशातून येऊन भारतात पुढचं डोमेस्टिक विमान पकडायचं असेल तर सहसा पहिल्या एअरपोर्टवरच बॅगा उचलायच्या, कस्टम्समधून काढायच्या आणि परत द्यायच्या. एकाच तिकिटावर असलात आणि टॅगवर नागपूर लिहिलेलं असलं तरी. माझ्या समोरच एक मुलगा, बहुतेक पहिल्यांदाच येत होता, बॅग न घेता निघाला होता, म्हणे माझी डायरेक्ट जाणार आहे. त्याला दादांनी परत बेल्टवर पाठवलं. फरक एवढाच की एकच तिकीट असेल आणि पुढचं विमान टी२ वरूनच असेल तर कस्टम्सनंतर डोमेस्टिक ट्रान्सफरच्या पाट्या बघत जायचं, तिथे बॅग द्यायची आणि सिक्युरिटीला. चुकून गर्दीबरोबर बाहेर पडू नका, बाहेर पडलात की परत गेटवरच्या सीआयएसएफच्या, म्हणजे एअरपोर्टच्या सुरक्षा जवानांच्या, रांगेतून आत.

आमच्या बॅगा पटकन आल्या. खोका आला सर्वांत शेवटी, ७ वाजता. आणि त्याच्यावर खडूने भली मोठी फुली.

खडूची खूण म्हणजे कस्टम्सवाल्यांना एक्स-रेमध्ये काहीतरी खटकलंय, ट्रॉली बाजूला घ्या. मी गार. खोक्यात खजूर, दुधाची पावडर, टँग आणि सहा डबे मस्कती हलवा. साहेबांनी विचारलं यात काय आहे, मी म्हटलं हलवा. म्हणाले एवढा? स्क्रीनवर सहा घट्ट काळे गोळे दिसत होते म्हणे. दोरी कापायला सांगितली. (दोरी मस्कतला नवऱ्याने अर्धा तास खपून बांधलेली.) एक डबा उघडला, वरचं तूप चकाकतंय, बदाम दिसतायत, आणि आमच्या आई खुर्चीतून मान पुढे काढून म्हणतात, "हलवाच हाय बापा. खाऊन पाय नं." साहेब हसले, हात जोडले, जा म्हणाले. ७:१० झाले होते. तेव्हापासून मी घट्ट, जड, एकसारखे डबे एकाच ठिकाणी रचत नाही, दोन बॅगांत विभागते आणि वरच्या बाजूला ठेवते. खोका बांधायला कुलूप-बिलूप नको, आणि हातातल्या पर्समध्ये नाही पण चेक-इन बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात एक चिकटपट्टीचा रोल ठेवा. माझ्याकडे नव्हता. खोका उघडा तसाच ट्रॉलीवर, वर आईंची शाल.

बाहेर आलो. इथे दुसरा झटका म्हणजे व्हीलचेअर टी२ च्या टॅक्सीपर्यंतच. दादा म्हणाले, "मावशीला गाडीत बसवून देतो, पण टी१ ला तुमची दुसरी कंपनी ना, तिथे वेगळी सांगितलीय का?" नव्हती सांगितली. वेगळं तिकीट म्हणजे वेगळी व्हीलचेअर, ती दुसऱ्या कंपनीला निदान दोन दिवस आधी कळवायची. हे लक्षात ठेवाच, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

टॅक्सीसाठी फोन काढला तर ओमानच्या सिमवर अॅपचा ओटीपी येईना, वायफायलाही ओटीपी पाहिजे, तोही येईना. पाकिटात मागच्या वर्षीच्या दोन पाचशेच्या नोटा होत्या म्हणून वाचले, प्रीपेड टॅक्सी घेतली. परदेशातून येताना हजारभर रुपये सुटे असू द्या. पहाटेची वेळ, रस्ता मोकळा, सहार एलिव्हेटेड रोडवरून हायवेला लागून पंधरा मिनिटांत टी१. हेच संध्याकाळी सहाला असतं तर पाऊण तास धरून चाला, पावसात देवाचं नाव घ्या.

मेट्रोचं बरेच जण विचारतात. अॅक्वा लाइन म्हणजे मेट्रो ३ वर टी२ आणि टी१ दोन्हीची स्टेशनं आहेत, मध्ये फक्त सहार रोड. परत जाताना ऑगस्टमध्ये मी एकटी होते, एक बॅग, तेव्हा टी१ वरून टी२ ला मेट्रोनेच गेले आणि गाडीत बसल्यावर पाच-सहा मिनिटांत पोचले पण. पण स्टेशनपासून टर्मिनलपर्यंत बॅग ओढत चालणं आलं, आणि रात्री उशिरा, भल्या पहाटे मेट्रो नसते, जेव्हा निम्मी आंतरराष्ट्रीय विमानं उतरतात. हलकं सामान आणि दिवसाची वेळ असेल तर मेट्रोच, नाहीतर टॅक्सी.

टी१ ला ७:३२. गेटवर सीआयएसएफने तिकीट आणि पासपोर्ट बघितला. आत काउंटरच्या रांगेत तीसेक माणसं. मी शेवटी उभी राहून रडायच्या बेतात, तेवढ्यात एक मुलगी हातात वॉकीटॉकी घेऊन ओरडत आली, "नागपूर, नागपूर कोणी आहे का?" मी हात इतका वर केला की शाल पडली आणि उघडा खोका सगळ्यांना दिसला. तिने पुढे घेतलं. ७:३७. तर लेट असाल तर रांगेत गप्प उभं राहू नका, समोर दिसेल त्या स्टाफला शहराचं नाव आणि वेळ सांगा, ते काढतात पुढे. तिनेच एक टेपचा रोल आणून दिला आणि कुठूनतरी व्हीलचेअरही आणली, तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

मग वजन. मस्कतवरून दोघींना मिळून ६० किलो चालत होतं, आम्ही ४८ आणलं होतं, मी खूश होते. डोमेस्टिकला मात्र १५-१५, म्हणजे ३०. वरचे १८ किलो. पैसे वेगळ्या काउंटरवर भरून पावती आणायची, दहा हजारांच्या घरात गेले, म्हणजे एकत्र तिकीट महाग म्हणून जे वाचवलं होतं त्याच्यापेक्षा जास्त. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर, असतं तर आंतरराष्ट्रीयचंच वजन पुढे चाललं असतं. वेगळंच काढायचं असेल तर जास्तीचं वजन आधी ऑनलाइन विकत घ्या, काउंटरपेक्षा स्वस्त पडतं.

आणि विमान चुकलं असतं तर? वेगळ्या तिकिटाला दुसऱ्या कंपनीला काही देणंघेणं नसतं, पहिलं लेट झालं हा तुमचा प्रश्न, तुम्ही नो-शो. तिकिटाचे पैसे गेले, फक्त टॅक्स आणि एअरपोर्टची फी परत मागता येते. (ती मागायची असते हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.) एका तिकिटावर असाल तर पुढच्या विमानात बसवणं हे त्यांचं काम.

आम्ही बसलो. ८:४० चं विमान नंतर पाऊस म्हणून ९:३० ला उडालं, ते सोडा.

आता अजून एक भर पडलीय. नवी मुंबईचा एअरपोर्ट २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, कोड एनएमआय. तिकीट शोधताना "मुंबई" टाकलं की तिथली विमानंही यादीत येतात आणि स्वस्त दिसतात. सहारला उतरून उलव्याला, म्हणजे ह्या नव्या एअरपोर्टला, जायचं म्हणजे अख्खी मुंबई ओलांडायची, खाडी ओलांडायची. तसं तिकीट असेल तर मध्ये निदान सहा तास ठेवा, नाहीतर काढूच नका. टी२ ते टी१ ला सामानासकट मी आता पाच तास धरते, टी२ ते टी२ एका तिकिटावर असेल तर तीन तास पुरावेत. आणि पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या डागडुजीसाठी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात, तारीख आधी जाहीर होते, त्या दिवसाच्या आसपास तंग कनेक्शन नको.

विदर्भातल्या लोकांना माझं खरं सांगणं मात्र वेगळंच आहे, मुंबईत बदलूच नका. नागपूरला दोहा आणि शारजाहून थेट विमानं येतात. मस्कतहून आधी उलटं मागे जायचं आणि मग नागपूर, नकाशावर वेड्यासारखं दिसतं, पण एका तिकिटावर असेल तर बॅग मस्कतला दिली की सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या एअरपोर्टलाच हातात, इमिग्रेशन-कस्टम्स तिथेच, टॅक्सी नाही, खडू नाही. पुण्या-मुंबईच्या माहेरवाल्यांना हा प्रश्न नाही, ते नशीबवान.

नागपूरला बेल्टवर खोका आला, टेपवर टेप, आणि कोपऱ्यात अजून ती खडूची फुली. न्यायला आलेल्या दीरांनी विचारलं हे काय. आई म्हणाल्या, "काही नाही, सायबानं हलवा पायला. खाल्ला नाही पन." आत पाच डबे होते आणि सहावा, तो उघडलेला, आईंच्या पर्समध्ये होता. विमानात शेजारच्यांना वाटत होत्या.