रेक्सहॅमचं एर्दिग: मागच्या दारानं बघायचा वाडा

उत्तर वेल्सला जाणारी आपली मंडळी बहुतेक किल्ल्यांच्या मागे असतात. कॉन्वी, कार्नारवॉन, वेळ उरलाच तर स्नोडनची आगगाडी, आणि परत. त्याच वाटेवर, इंग्लंडची हद्द ओलांडली की लगेच रेक्सहॅम लागतं. त्याच्या दक्षिणेला दोनेक मैलांवर एर्दिग नावाचा सतराव्या शतकातला वाडा आहे. त्याला सबंध दिवस द्या, असं मी आग्रहानं सांगेन. याहून श्रीमंत आणि देखणे वाडे ब्रिटनमध्ये पुष्कळ आहेत. पण घर चालवणाऱ्या माणसांची नावं, चेहरे आणि कामं इतक्या मानानं भिंतीवर लावलेलं दुसरं घर मी तरी पाहिलेलं नाही.

आम्ही मँचेस्टरहून चेस्टरमार्गे गेलो. चेस्टर ते रेक्सहॅम जनरल हा टप्पा छोटा आहे. लिव्हरपूलकडच्यांनी बिडस्टनला गाडी बदलावी, बर्मिंगहॅमकडच्यांना श्रूजबरीमार्गे यायला सोपं पडतं. स्टेशनावरून टॅक्सी करा, किंवा हवा बरी असेल तर चालत निघा. शहराची घरं संपताच क्लिवेडॉग नदीकाठच्या झाडीतून इस्टेटीत शिरता येतं. सुमारे १२०० एकरांचं हे रान सगळ्यांना खुलं आहे, तिकीट फक्त वाडा आणि बागेला. वाडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे. ब्रिटनमध्ये राहत असाल आणि वर्षात अशा तीन-चार जागा बघणार असाल, तर वार्षिक सभासदत्व घेतलेलं स्वस्त पडतं. बाग आणि घर यांच्या उघडण्याच्या वेळा वेगवेगळ्या असतात, हिवाळ्यात घराचा काही भाग बंदही ठेवतात. म्हणून आदल्या रात्री ट्रस्टच्या संकेतस्थळावर वेळ बघूनच निघा.

दिवस निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ऊन असलेला दिवस हवा. इथे राहणाऱ्या यॉर्क घराण्यानं वाड्यात विजेचे दिवे कधी घेतलेच नाहीत, आणि ट्रस्टनंही बहुतेक खोल्या तशाच ठेवल्या आहेत. त्यातून कापड आणि रंग विटू नयेत म्हणून खिडक्यांचे पडदे अर्धे ओढलेले असतात. ढगाळ दुपारी चिनी रेशमावरचं भरतकाम शोधत डोळे शिणतात. मे ते सप्टेंबर हा काळ उत्तम. घर उघडल्या उघडल्या आत जा आणि बाग नंतर बघा.

आत शिरण्याची वाट हीच या जागेची खरी ओळख आहे. दर्शनी पायऱ्या चढून दिवाणखान्यात, असं इथे होत नाही. ट्रस्टनं १९७७ मध्ये वाडा लोकांसाठी उघडला तेव्हापासून पाहुण्यांना कामकऱ्यांच्या अंगणातून आत नेलं जातं. आधी सुतारशाळा, लाकूड कापायचा करवतीचा खड्डा, लोहाराचं दुकान. मग तबेले, बग्ग्या, जुन्या सायकली आणि मोटारी. मग धुण्याच्या खोल्या, पाव भाजायची भट्टी आणि स्वयंपाकघर. दिवाणखान्यात पोचेपर्यंत त्या दिवाणखान्यामागे किती हात राबत होते याचा अंदाज आलेला असतो. बरेच लोक हा भाग भरभर उरकून ‘मुख्य’ घराकडे धावताना दिसले. तसं करू नका. धुलाईघरातलं कपडे दाबायचं ते अवाढव्य लाकडी यंत्र नीट बघा. दगड भरलेली पेटी रुळांवरून मागेपुढे सरकवून चादरी सपाट करत. ती पेटी ओढणारी बाई दिवसाअखेर कशी होत असेल, हे ते बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

स्वयंपाकघर अठराव्या शतकातलं, उंच छताचं आणि प्रशस्त. आगीच्या भीतीनं ते मूळ घरापासून अलग बांधलं होतं. इथली एक हकिगत स्वयंसेवकांना जरूर विचारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एलेन पेंकेथ नावाची स्वयंपाकीण इथे होती. मालकिणीनं, लुईसा यॉर्कनं, तिच्यावर पैसे लाटल्याचा आरोप केला. १९०७ मध्ये खटला उभा राहिला आणि ज्यूरीनं तिला निर्दोष सोडलं. नोकरांना मान देणारं घर म्हणून एर्दिगचं नाव आहे आणि ते रास्तच आहे, पण मालक आणि नोकर हे नातं इथेही शेवटी तेच होतं. दोन्ही बाजू मनात ठेवून पुढे गेलात तर पुढच्या भिंती जास्त खोलात वाचता येतात.

त्या भिंती म्हणजे नोकरांच्या दालनातल्या आणि तिथल्या बोळातल्या. पहिल्या फिलिप यॉर्कनं १७९० च्या दशकात डेन्बीच्या जॉन वॉल्टर्स या चित्रकाराकडून आपल्या नोकरांची तैलचित्रं काढून घेतली आणि प्रत्येकासाठी स्वतः पद्य रचून ते चित्रावरच लिहवून घेतलं. त्या काळी तैलचित्र ही सरदार-दरकदारांची मिरास. इथे मात्र सुतार एडवर्ड प्रिन्स आहे, लोहार विल्यम विल्यम्स आहे, आणि हातात झाडू घेतलेली जेन एब्रेल आहे. कोळिष्टकं झाडणारी ही मोलकरीण चित्र काढलं तेव्हा ८७ वर्षांची होती. कविता म्हणून ती पद्यं बेताचीच आहेत. पण कोण कुठून आला, किती वर्षं राबला, स्वभावानं कसा होता, हे त्यांत येतं. त्यामुळे सरकारी कागदांत जी माणसं निव्वळ एक नाव बनून राहिली असती, ती इथे माणसं म्हणून उरली आहेत. जेनच्या समोर मी बराच वेळ उभा होतो. आपल्याकडच्या किती वाड्यांत धन्याच्या सात पिढ्यांच्या तसबिरी सापडतात, आणि पाणी भरणाऱ्या एकाचंही नाव सापडत नाही!

पुढच्या पिढ्यांनी ही प्रथा छायाचित्रांतून चालू ठेवली. १८५२ मधलं समूहचित्र शोधाच. प्रत्येकाच्या हातात आपापल्या कामाचं साधन आहे. १९१२ मध्ये त्याच धर्तीवर पुन्हा एक चित्र काढलं गेलं. दोन्ही ओळीनं बघा, कुणाच्या हातात काय आहे ते ओळखत जा. सोबत मुलं असतील तर त्यांना हा खेळ फार आवडतो.

याच भिंतींच्या गोष्टीत एक चित्र अस्वस्थ करणारं आहे. हातात शिंग घेतलेला एक कृष्णवर्णीय मुलगा, बग्गीबरोबर चालणारा पोऱ्या. इतर चित्रांहून ते जुनं आहे. त्याच्यावरही नंतर पद्य लिहिलं गेलं, पण त्याचं खरं नाव काय, तो कुठून आणला गेला, याचा भरवशाचा पुरावा उरलेला नाही. प्रत्येकाचं नाव सांगणाऱ्या घरात त्याचंच नाव हरवलेलं आहे. त्याच्याबद्दल स्वयंसेवकांशी जरूर बोला, ते मोकळेपणानं बोलतात.

वरच्या आणि पुढच्या दालनांत सामान खच्चून भरलेलं आहे. घरातल्या वस्तूंची संख्या ३०,००० च्या घरात जाते, कारण यॉर्क लोक काहीही टाकत नसत. मूळ वाडा १६८४ ते १६८७ मध्ये जोशुआ एडिसबरीनं बांधला आणि तो कर्जात बुडाला. मग लंडनच्या कोर्टातला बडा अधिकारी जॉन मेलर यानं तो घेतला, दोन्ही बाजूंना घराचे नवे भाग जोडले आणि उत्तम फर्निचर आणलं. आरसे, भिंतीवरचे विणलेले पडदे, चांदीचा मुलामा दिलेल्या चौकटी, हे सगळं बव्हंशी मेलरचं. १७३३ मध्ये तो वारला आणि घर भाच्याकडे, सायमन यॉर्ककडे आलं. तिथून पुढे १९७३ पर्यंत प्रत्येक धनी एक तर सायमन नाहीतर फिलिप.

या दालनांत सगळं बघत बसू नका, थकून जाल. १७२० च्या सुमाराचा चिनी रेशमाचा पलंग मात्र चुकवू नका, कारण वाड्याच्या दुरवस्थेची आणि दुरुस्तीची सगळी कथा त्या पलंगात आहे. जवळच्या बर्शम कोळसा खाणीचे बोगदे विसाव्या शतकात थेट वाड्याखालून गेले. जमीन खचली, घर एका बाजूनं सुमारे ५ फूट खाली गेलं, भिंती तडकल्या, छप्पर उघडं पडलं. चौथा सायमन यॉर्क एकांतात राहायचा, तो १९६६ मध्ये वारला आणि त्याचा भाऊ फिलिप आला तेव्हा या पलंगावर पावसाचं पाणी गळत होतं. बाग जंगल झाली होती. फिलिप पूर्वी नाटकांत कामं करणारा, साध्या राहणीचा, अविवाहित माणूस. वीज नसलेल्या त्या गळक्या घरात तो एकटा राहिला आणि १९७३ मध्ये त्यानं सगळं नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. अट एवढीच की घरातली एकही वस्तू बाहेर जाता कामा नये.

खाणीकडून १,२०,००० पौंडांची भरपाई मिळाली. इस्टेटीची कडेची ६३ एकर जमीन विकून आणखी सुमारे दहा लाख पौंड उभे राहिले. घर खालून सावरलं, छप्पर नवं केलं, पलंगाचं रेशीम लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात दुरुस्त झालं. २७ जून १९७७ रोजी तेव्हाच्या युवराज चार्ल्स यांनी वाड्याचं उद्घाटन केलं. पुढच्याच वर्षी फिलिप वारला, आपलं घर सावरलेलं बघून.

या दुरुस्तीतलं मला सगळ्यात पटलं ते हे, की कारागिरांना कुठे थांबायचं ते कळलं. पाणी थांबवलं, भिंती सावरल्या, कीड मारली, पण घराचं वय पुसलं नाही. विटलेला रंग विटलेलाच आहे. नोकरांच्या वाटेतल्या फरशा झिजलेल्या आहेत, आणि त्या तशाच असाव्यात. आपल्याकडे जीर्णोद्धार म्हटला की आधी तैलरंगाचा डबा उघडतो. वाडे-मंदिरांच्या कामात असलेल्या कुणालाही मी एर्दिग बघून यायला सांगेन.

भारताचा एक धागाही इथे आहे. ज्याच्या नावानं अमेरिकेतलं येल विद्यापीठ ओळखलं जातं, तो एलिहू येल एडिसबरीच्या ओळखीतला. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रासला असताना त्यानं एडिसबरीला लाखेचं काम केलेला, खोलीत आडोशाला उभा करायचा एक पडदा भेट पाठवला. तो पुढे १६८७ ते १६९२ मद्रासचा गव्हर्नर होता, अफाट संपत्ती कमावून परतला, आणि गुलामांच्या व्यापाराशीही त्याचं नाव जोडलेलं आहे. तो पडदा अजून वाड्यात आहे. कोणत्या खोलीत ठेवलाय ते स्वयंसेवक दाखवतात.

आता बाग. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आखणीची, भिंतींनी वेढलेली अशी बाग ब्रिटनमध्ये फार थोड्या ठिकाणी उरली आहे. थॉमस बॅडस्लेडनं काढलेल्या एका जुन्या चित्राच्या आधारानं ट्रस्टनं ती पुन्हा उभी केली. सरळ रेषेतला पाण्याचा लांब कालवा, दुतर्फा लिंडनची झाडं, आणि विटांच्या भिंतींवर पंख्यासारखी पसरवून बांधलेली सफरचंदं आणि नाशपाती. ऑक्टोबरात इथे सफरचंदांचा उत्सव भरतो, तेव्हा बाजारात कधीच न मिळणारे जुने वाण दिसतात. फक्त त्या वेळी गर्दी असते आणि ऊन कमी, म्हणजे घर नीट बघायचं असेल तर तो दिवस नाही.

जेवणासाठी तबेल्याकडच्या भागात उपाहारगृह आहे. सूप, भाजलेला बटाटा, स्कोन, आणि चहात भिजवलेल्या मनुकांचा बारा ब्रिथ हा वेल्श केक. शाकाहाऱ्यांना पोटभर म्हणावं असं फारसं मिळत नाही, म्हणून डबा न्या. रानात बसून दशम्या खायला कुणाची हरकत नाही. आई-बाबा सोबत असतील तर अंगणातल्या ओबडधोबड दगडांसाठी आणि खडीसाठी त्यांना चांगले बूट घालायला सांगा. वरच्या खोल्यांना जिना आहे. गुडघे दुखत असतील तर तळघर, खालची दालनं आणि बाग एवढ्यानंही दिवस सार्थकी लागतो. पाठीवरच्या मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत आणि छायाचित्रं फ्लॅशविना काढायची.

पायांत जोर उरला असेल तर उतारावरून खाली ‘कप आणि बशी’ बघायला जा. विल्यम एम्सनं १७७४ मध्ये केलेला हा छोटा बांध आहे. ओढ्याचं पाणी गोल कुंडात येतं, मधल्या विवरात चहूबाजूंनी कोसळतं आणि खालच्या कमानीतून बाहेर पडतं. पाऊस होऊन गेला असेल तर ते पुष्कळ जोरात असतं, पण मग वाटही चिखलाची.

परतीची गाडी संध्याकाळची घ्या, म्हणजे शहरातल्या सेंट जाइल्स चर्चला तासभर देता येतो. एलिहू येलची कबर तिथे मनोऱ्याच्या पायथ्याशी आहे. आवाराचं लोखंडी फाटक १७२० मधलं, डेव्हिस बंधूंच्या भट्टीतलं. एर्दिगच्या कालव्याच्या टोकाला जे फाटक बघितलं तेही त्यांचंच मानलं जातं. चर्च लवकर बंद होतं, म्हणून त्याची वेळ आधी बघून त्या हिशेबानं एर्दिगहून निघा. चर्चहून रेक्सहॅम जनरल स्टेशन रमतगमत चाललं तरी वीस मिनिटांत येतं.